राज्यशास्त्राची घरची शिकवणी

गणिताला शिकवणी लागते, इंग्रजीला लागते, शास्त्रविषयांना तर लागतेच. पण राज्यशास्त्राला शिकवणी कशाला, असा प्रश्न आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून अजूनहि सहज विचारला जातो. "चार व्याख्या पाठ केल्या कीं झालें," असें म्हणून हा विषय परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकलण्यांत येतो. दहावीला इतिहास व राज्यशास्त्र यांची मिळून ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असते आणि तींत राज्यशास्त्राचा वांटा लहान असतो, हें खरें. परंतु अठरावें वर्ष पूर्ण होतांच ज्याचा उपयोग प्रत्येक मुलामुलीस करावा लागतो, आणि जन्मभर करावा लागतो, असा शाळेंतील दुसरा विषय मला तरी दाखवितां यावयाचा नाहीं.

तेव्हां हा विषय घरीं, एकट्या मुलास किंवा मुलीस समोर बसवून, कसा शिकवावा याचा विचार या महिन्यांत करूं. गेल्या वर्षीं हें काम माझ्याकडे आलें होतें आणि त्यांत माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक कोणाच्याहि घरांत होण्यासारखी आहे, म्हणूनच ती वाचकांपुढें मांडतों.

आमचें मूळ घर मुळशी तालुक्यांत उरवडे येथें आहे. पिरंगुटाहून मुठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. एका अंगास भातखाचरें, दुसऱ्या अंगास अलीकडे उभे राहिलेले कारखाने आणि मध्यें जुनीं घरें, अशी त्याची आजची ठेवण. थोरले बंधु, त्यांचे दोघे मुलगे, सुना व नातवंडें तेथें एकत्र राहतात. शाळेंतील नोकरींतून निवृत्त झाल्यापासून मीहि वर्षांतले कांहीं महिने तेथेंच असतों. बंधूंना सारें घर 'दादा' म्हणतें. त्यांची नात गेल्या वर्षीं दहावींत होती. मुलगी हुशार, वाचनाची हौस असलेली; पुढें कला शाखेकडे जाऊन राज्यशास्त्र घ्यावें असा तिचा मानस. घरांत मात्र विज्ञान शाखेवांचून दुसरी भाषा नाहीं. "आधीं दहावीला या विषयांत धड गुण मिळवून दाखव, मग पाहूं," असा दादांनीं निकाल दिलेला.

आणि गुण नेमके तेथेंच कमी पडत होते. 'योग्य पर्याय निवडा' हा प्रश्न ती बिनचूक सोडवी. 'विधान चूक कीं बरोबर तें सकारण स्पष्ट करा' असें आलें म्हणजे 'बरोबर' एवढा शब्द लिहून लेखणी थांबे. कारण काय लिहावें, हें सुचत नसे. मार्गदर्शिका घरांत होती, मोबाइलवरच्या चित्रफिती होत्या, सायंकाळचा शिकवणीवर्गहि होता. एके दिवशीं धाकटी सूनबाई म्हणाली, "काका, तुम्ही एवढीं वर्षें शाळेंत शिकविलेंत. रोज तासभर हिला घेऊन बसाल का? वर्गांत चाळीस मुलें. हिनें विचारावयाचें तरी कधीं?" दुसऱ्याच दिवसापासून दिवेलागणीनंतर ओसरीवर आमचा तास सुरू झाला.

एकाच शिष्यास शिकविण्याचा गुण मोठा आहे, याविषयीं वाद नाहीं. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञानें १९८४ मध्यें असें मांडलें कीं, स्वतंत्र शिकवणी मिळालेला सामान्य विद्यार्थी नेहमींच्या वर्गांतील शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव विद्यार्थ्यांच्या पुढें जातो. पुढच्या संशोधनांत हा लाभ इतका मोठा आढळला नाहीं. परंतु लाभ होतो, ही गोष्ट कायम राहिली. ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत तर ही जुनीच रीत आहे. शिष्यानें निबंध लिहून आणावा, गुरूपुढें वाचून दाखवावा आणि गुरूनें त्यावर प्रश्न करावे. म्हणजे अशा तासाला बोलण्याचें मुख्य काम शिष्याचें असतें, गुरूचें नव्हे. आपल्याकडे नेमकें याच्या उलट घडतें. एकटा विद्यार्थी हातीं सांपडला कीं शिक्षकाला व्याख्यानाची उबळ येते.

पहिला आठवडा मीं ही उबळ आवरली. तिला बोलतें केलें आणि ऐकत राहिलों. संविधान २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलें, हें तिला पाठ. परंतु विधिमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ यांत भेद काय, असें विचारतां "तीं शासनाचीं तीन अंगें आहेत," याच्या पलीकडे गाडी जाईना. चाळिसांच्या वर्गांत ही उणीव झांकून जाते, कारण तीन अंगांचीं नांवें तिनें बरोबर सांगितलेलीं असतात.

मग मीं पुस्तक मिटलें आणि गांवांतलीच एक गोष्ट घेतली. ७ जून २०२१ रोजीं उरवड्याच्या एका कारखान्यांत आग लागून पंधराहून अधिक कामगारांचा अंत झाला. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. मुलगी त्या वेळीं लहान होती, पण तो दिवस ती विसरलेली नाहीं. मीं तिला चार प्रश्न लिहून दिले. कारखान्यांतील सुरक्षिततेचा कायदा कोणीं केला? तो पाळला जातो कीं नाहीं, हें पाहण्याचें काम कोणाचें? तो मोडला असल्यास दोषी कोण हें ठरविणार कोण? आणि हीं सर्व माणसें स्वस्थ बसलीं तर गांवकऱ्यानें काय करावें? उत्तरें शोधण्यास तिला तीन दिवस लागले. त्या वेळीं लागू असलेला कारखाने अधिनियम १९४८ सालचा, मध्यवर्ती कायदेमंडळानें केलेला, त्याच्या अंमलबजावणीसाठीं निरीक्षक राज्य सरकारचे, निवाडा न्यायालयाचा, आणि गांवकऱ्याच्या हातीं ग्रामसभा, २००५ सालचा माहितीचा अधिकार आणि मत. तीन अंगें तिला पुन्हा पाठ करावीं लागलीं नाहींत.

येथवर सारें ठीक चाललें होतें. पुढें चळवळींचा पाठ आला. त्यासाठीं उदाहरण शोधावयास दूर जाण्याची गरजच नव्हती. मुळशीचा सत्याग्रह आमच्याच तालुक्यांतला. टाटांच्या वीजयोजनेसाठीं मुळेच्या खोऱ्यांतील गांवें पाण्याखालीं जाणार, हें ठरल्यावर १९२१ च्या रामनवमीस मावळे सत्याग्रहास बसले. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांनीं तो लढा पुढें चालविला. १९२४ पर्यंत तो थंडावला, धरण पुरें झालें आणि १९२७ पासून तें पाणी घाटाखालीं भिरा येथील वीजगृहांत जाऊं लागलें. जमिनी घेतल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालीं; त्यांत मालकाच्या संमतीची अट नव्हती. त्याच्या जागीं आलेला २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकीं ८० टक्के कुटुंबांची संमति त्यानें सांगितली. या दोन कायद्यांमधील अंतर दाखवितां आलें, म्हणजे चळवळ हरली तरी वायां जात नाहीं, हें मुलांना समजतें.

परंतु हा इतिहास सांगतांना एक गोष्ट गाळून चालत नाहीं. बुडणाऱ्या जमिनींपैकीं पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नांवावर होत्या आणि त्यांत ब्राह्मण सावकार बरेच होते. त्यांचें लक्ष मोबदल्याकडे. जमीन कसणाऱ्या मावळ्यांचें लक्ष जमिनीकडे. मीं हें सांगितलें तेव्हां मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आजोबा, मग आपण कोणाच्या बाजूचे होतों?"

"आपलें त्या खोऱ्यांत कांहींच नव्हतें," मी म्हणालों. तें खरें होतें. परंतु तेवढ्यावर न थांबतां मीं पुढें जोडून दिलें, "आपलें जें होतें तें येथें होतें, आणि तें कूळकायद्यानें एका रात्रींत फुकट गेलें." हें वाक्य मीं लहानपणापासून ऐकत आलों होतों. त्या सायंकाळीं तें माझ्या तोंडून केव्हां निघालें, हें माझें मलाहि कळलें नाहीं. त्यावर मीं चांगला अर्धा तास बोललों. मुलीनें मान हालवीत ऐकून घेतलें.

आठ दिवसांनीं सराव म्हणून मीं तिला एक प्रश्न घातला: 'कूळकायद्याविषयीं तुमचें मत सकारण लिहा.' तिनें पानभर उत्तर लिहिलें. अक्षर तिचें, पण वाक्यें माझीं. 'एका रात्रींत', 'फुकट', 'निरपराध कुटुंबें' — माझे शब्द जसेच्या तसे, ज्या ठिकाणीं मी थांबलों होतों त्या ठिकाणीं स्वल्पविरामासह. कारण म्हणून तिनें एकहि कलम दिलें नव्हतें, एकहि वर्ष दिलें नव्हतें. कारण मींहि तें दिलें नव्हतें. मार्गदर्शिकेंतलें पाठांतर काढून टाकण्यासाठीं मी बसलों होतों आणि त्याच्या जागीं माझें पाठांतर भरून मोकळा झालों होतों.

एकट्याच्या शिकवणीचा धोका तो हाच. गणितांत शिक्षक चुकला तर पुस्तकाच्या शेवटीं उत्तर असतें. राज्यशास्त्रांत तसें नसतें. वर्गांत चाळीस मुलें असलीं तर त्यांच्याबरोबर निदान चाळीस घरें येऊन बसतात. कोणाच्या घरची जमीन गेलेली असते, कोणाच्या घरीं आलेली असते, आणि शिक्षकाला तोंड संभाळून बोलावें लागतें. घरच्या तासाला एकच घर असतें. शिकविणारा आजोबा, शिकणारी नात. प्रेमहि आहे, धाकहि आहे. अशा ठिकाणीं शिक्षकाचें मत हें शिष्याचें मत होण्यास एक सायंकाळ पुरते. ज्या एकांतामुळें मुलगी मोकळेपणानें प्रश्न विचारूं शकली, त्याच एकांतामुळें माझ्या उत्तराला उत्तर देणारें तेथें कोणी नव्हतें. गुण आणि दोष एकाच गोष्टीच्या पोटीं आहेत. म्हणून वर्गांत जें आपोआप मिळतें, तें घरच्या शिकवणींत मुद्दाम बाहेरून आणावें लागतें.

या संबंधांत पुण्याचेंच एक मोठें उदाहरण आठवतें. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें राजकीय शिक्षण न्यायमूर्ति रानडे यांच्या सहवासांत झालें. १८८७ च्या सुमारास हा गुरुशिष्यसंबंध जुळला आणि रानडे जाईपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत टिकला. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या कामांत गोखल्यांच्या हातीं काय पडलें? सरकारी अहवाल, आकडे आणि कागद. आधीं कागद पाहावा, मग लिहावें, ही तेथली शिस्त. १८९७ मध्यें विलायतेंत वेल्बी कमिशनपुढें गोखल्यांनीं जी साक्ष दिली तिचा पाया हाच होता. गुरु कितीहि थोर असो, त्याचें मत आणि शिष्याचें मत यांच्या मध्यें कागद असावा लागतो. माझ्या तासाला तो नव्हता.

तेव्हां मीं दोन गोष्टी केल्या. प्रथम कायदा काढला. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ सालचा. १९५६ च्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला व त्या दिवशीं कसणारें कूळ जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. जमीन फुकट द्यावयाची नव्हती. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणानें ठरवावयाची, ती सामान्यतः आकाराच्या २० पटींहून कमी नाहीं व २०० पटींहून अधिक नाहीं. आणि कुळानें ती हप्त्यांनीं फेडावयाची. मालक विधवा किंवा अज्ञान असेल तर खरेदी लांबणीवर टाकण्याची सोयहि होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनें निर्माण झालेल्या नवव्या अनुसूचींत हा कायदा दुसऱ्या क्रमांकावर आहे. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें मूलभूत हक्कांतून निघाला व आतां तो अनुच्छेद ३०० क मध्यें आहे. हें सारें मुलीनें स्वतः लिहून काढलें.

दुसरी गोष्ट अवघड होती. आमची जमीन ज्यांच्याकडे गेली त्या घरचे एक गृहस्थ प्राथमिक शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. गांव त्यांना गुरुजी म्हणतें. दोन्ही घरांचें येणेंजाणें आहे, सणासुदीला देणेंघेणें आहे. पण जमिनीचा विषय पन्नास वर्षांत कोणीं काढलेला नाहीं. मी त्यांच्याकडे गेलों आणि म्हणालों, "गुरुजी, एक सायंकाळ आमच्या मुलीचा तास तुम्ही घ्यावा." विषय सांगितला तेव्हां ते क्षणभर थांबले. "दादांना चालेल का?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

ते आले. दादा झोपाळ्यावर होते. गुरुजी सतरंजीवर बसले. "दादा, तुमची परवानगी असेल तर सांगतों," असें म्हणून त्यांनीं मुलीला सांगावयास आरंभ केला. "माझे आजोबा ही जमीन अर्धेलीनें करीत. बी आमचें, बैल आमचे, राबणूक आमची. पीक निम्मेंशिम्में. पाऊस गेला त्या सालींहि तुमचा वांटा आधीं या घरीं पोंचला आहे. वडील म्हणत, भात आपण लावतों, पण खाचर आपलें म्हणतां येत नाहीं."

"आणि आमच्या आजीनें काय खावयाचें होतें?" दादा मध्येंच म्हणाले. "विधवा बाई, पदरीं तीन मुलें. त्या वांट्यावांचून दुसरें उत्पन्न कोणतें होतें?"

"तेंहि खरें आहे, दादा," गुरुजी म्हणाले. "आजींची ओढाताण आमच्या घरीं ठाऊक होती."

दादा उठून आंत गेले. गुरुजींनीं आणखी थोडा वेळ सांगितलें, चहा घेतला आणि ते निघाले. मुलगी मान खालीं घालून लिहीत होती. मला वाटलें, आपण घरांत नसता कलह ओढवून आणला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादांनीं माळ्यावरची ट्रंक उतरवून घेतली. तींतून लाल फडक्यांत बांधलेला कागदांचा एक रुमाल निघाला. मुलीला जवळ बसवून त्यांनीं एकेक कागद उलगडला. न्यायाधिकरणाची नोटीस होती. आजी हयात असतांना खरेदी लांबणीवर पडली होती, तिच्या पश्चात् किंमत ठरली होती, आणि पुढें कित्येक वर्षांच्या हप्त्यांच्या पावत्या होत्या. शेवटच्या पावतीवर आमच्या वडिलांची सही होती. दादा ती बराच वेळ पाहत राहिले.

"एका रात्रींत गेली म्हणत असत," ते म्हणाले. "ही तर वर्षांनुवर्षें चाललेली दिसते." मग मुलीकडे वळून म्हणाले, "हें तुझ्या उत्तरांत लिही. आणि किंमत किती थोडी होती, तेंहि लिही."

तिनें दोन्ही लिहिलें. कसणाऱ्याची बाजू एका परिच्छेदांत, मालकाची दुसऱ्यांत, कलमें व सालें दोहोंत, आणि शेवटीं स्वतःचें मत. कायदा न्यायाचा होता, परंतु ज्यांना दुसरें उत्पन्न नव्हतें अशा लहान मालकांची सोय त्यानें अधिक करावयास हवी होती, असें तें मत. माझें मत याहून थोडें वेगळें आहे. मीं पूर्ण गुण दिले.

या अनुभवावरून ज्या घरांत अशी शिकवणी चालूं आहे किंवा चालूं करावयाची आहे, त्यांच्यासाठीं कांहीं सूचना करतों.

पहिली, तासाचा निम्मा वेळ मुलानें बोलावें, शिकविणाऱ्यानें ऐकावें. 'सकारण स्पष्ट करा' या प्रश्नाची तयारी तोंडीं उत्तर देण्यांतूनच होते; रोज एका विधानाचें कारण मुलानें तीन वाक्यांत सांगावें व मग तेवढेंच लिहावें.

दुसरी, वादाच्या विषयावर दोन्ही बाजू मांडून झाल्याशिवाय शिकविणाऱ्यानें आपलें मत सांगूं नये. आणि सांगावयाचें तर "हें माझें मत" असें म्हणून सांगावें. मुलाच्या उत्तरांत आपलेंच वाक्य दिसलें तर तें उत्तर परत करावें.

तिसरी, संविधानाची मराठी प्रत घरांत असावी. पुस्तकांत कलमाचा उल्लेख आला कीं मूळ कलम काढून वाचावें. घरांतील सात-बाराचा उतारा, घरपट्टीची पावती, मतदारयादी हींहि या विषयाचीं पुस्तकेंच आहेत.

चौथी, ग्रामसभेस मुलांना घेऊन जावें. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं ती भरविण्याचा प्रघात आहे. मत देण्याचें वय झालेलें नसलें तरी बाजूस बसून ऐकतां येतें. शहरांतल्या कुटुंबांनीं आपल्या गृहसंस्थेच्या वार्षिक सभेस न्यावें. अर्थसंकल्पावर माणसें कशीं भांडतात आणि ठराव कसा होतो, हें तेथें दिसतें.

पांचवी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी: महिन्यांतून एक तास घराबाहेरच्या माणसाला द्यावा. तो माणूस विद्वान् असण्याची गरज नाहीं; त्याचें घर आपल्या घरापेक्षां वेगळें असावें, इतकेंच पुरे. त्यानें सांगितलेलें आपल्याला रुचेलच असें नाहीं. आपण त्या वेळीं उठून आंत गेलों तरी चालेल. मुलाला मात्र शेवटपर्यंत ऐकूं द्यावें.

परीक्षा झाली, निकालहि लागला. त्यानंतर अकरावीचा अर्ज भरावयाचा होता. मुलीनें कला शाखा भरली, तेव्हां दादा तिच्या शेजारींच बसले होते. अर्ज पुरा झाल्यावर त्यांनीं तिला विचारलें, "गुरुजींना सांगून आलीस का?" ती नाहीं म्हणाली. "मग आधीं तिकडे जाऊन ये," असें म्हणून त्यांनीं पेढ्यांचा पुडा तिच्या हातीं दिला.